बॉर्डर कॉली आणि घर : काही गैरसमज
इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागात मेंढ्या वळवण्यासाठी घडवलेल्या बॉर्डर कॉलीविषयी सर्वांत रूढ समज असा की, घराला प्रशस्त अंगण असले म्हणजे या कुत्र्याची सोय झाली. वस्तुतः अंगणात एकटा सोडलेला कुत्रा फार वेळ धावत नाही. तो फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्या सायकलींवर नजर रोखतो किंवा कुंपणालगत येरझाऱ्या घालतो, कारण त्याला जागेपेक्षा माणसासोबत करायचे काम हवे असते.

मुलांच्या मागे धावून घोट्याला दात लावणे हा प्रकार कोणी लाडिक खेळ मानतो, कोणी हिंस्रपणा. दोन्ही निदाने चुकीची आहेत. नॉर्थम्बरलँडमध्ये 1893 साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींचा पूर्वज मानला जातो आणि तो न भुंकता, केवळ नजरेच्या धाकाने कळप हलवी, अशी त्याची ख्याती होती. पैदाशीतील निवडीने या जातीत शिकारी प्राण्याचे हेरणे, दबा धरणे व पाठलाग हे टप्पे तीव्र केले, तर शेवटचा जीवघेणा चावा दाबून टाकला. त्यामुळे पळणारे मूल त्याला कळपातून फुटलेल्या मेंढीसारखे भासते आणि मूल ओरडून जितके वेगाने पळेल, तितका पाठलाग चढत जातो. पळत्या-खेळत्या लहान मुलांच्या घरात हा विचार आधी व्हावा.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी 1994 साली आज्ञापालन-स्पर्धांच्या परीक्षकांच्या मतांवरून केलेल्या क्रमवारीत ही जात पहिली आली, आणि तो पहिला क्रमांक पुष्कळांना भुरळ घालतो. अमेरिकेतील ‘चेसर’ ही कुत्री 1,022 खेळण्यांची नावे शिकली हे खरे, परंतु तिच्यामागे निवृत्त मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांची वर्षानुवर्षांची रोजची मेहनत होती. शिवाय हुशार कुत्रा नको त्या गोष्टीही तितक्याच चटकन शिकतो; दाराची कडी उघडणे त्यांपैकी एक.

खूप दमवले की तो शांत होतो, हेही अर्धसत्यच. तासन्‌तास चेंडू फेकल्याने दम वाढतो आणि उत्तेजनाची चटक लागते. शोधखेळ, आज्ञांचा सराव आणि स्वस्थ पडून राहण्याची शिकवण यांचा उपयोग अधिक होतो. दाट, दुहेरी केसांमुळे विदर्भाच्या उन्हाळ्यात तर दुपारची धावाधाव धोक्याचीच ठरते. राखणीसाठी त्याला आणणाऱ्यांनी धनगरांच्या कळपासोबतची कुत्री आठवावीत, कारण त्यांचे मुख्य काम लांडग्यापासून रक्षण करण्याचे असते, मेंढ्या वळवण्याचे नव्हे. फ्लॅट हा मात्र अडथळा नाही. सकाळ-संध्याकाळ शिकवायला वेळ देणाऱ्या कुटुंबात तो तिथेही रुळतो, आणि स्वभाव पारखता येत असल्याने पिल्लापेक्षा प्रौढ कुत्रा निवडणे नवख्यांना अधिक सोयीचे ठरते.