सरकारी खरेदीदाराची पात्रता

शासन जेव्हा जनतेच्या पैशातून औषधे, शाळेची बाके, संगणक किंवा रुग्णालयातील यंत्रे विकत घेते, तेव्हा त्या व्यवहाराला सार्वजनिक खरेदी म्हणतात. या खरेदीत वस्तू चांगली मिळाली एवढ्याने काम भागत नाही. ती कोणाकडून, कोणत्या पद्धतीने आणि का घेतली याचा लेखी खुलासा लेखापरीक्षकाला, न्यायालयाला आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्या नागरिकालाही देता यावा लागतो. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 मधील नियम 144 हीच जबाबदारी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यावर टाकतो, आणि महाराष्ट्र शासनानेही 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाद्वारे आपल्या विभागांसाठी खरेदीची नियमपुस्तिका लागू केली. नियम असे सविस्तर लिहिलेले असले, तरी ते वापरणाऱ्याची पात्रता कशी तपासायची, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा विचारला जात नाही.

अमेरिकेत हा प्रश्न बराच आधी विचारला गेला. तेथे राज्ये, काउंटी, शहरे आणि शालेय मंडळे आपापली खरेदी स्वतः करतात, आणि त्यांच्या खरेदी कर्मचाऱ्यांना व्यावसायिक प्रमाणपत्र देण्यासाठी 1978 मध्ये युनिव्हर्सल पब्लिक प्रोक्युरमेंट सर्टिफिकेशन कौन्सिल ही संस्था स्थापन झाली. तिने प्रत्यक्ष खरेदी करणाऱ्यांसाठी एक आणि व्यवस्थापनाची जबाबदारी असणाऱ्यांसाठी दुसरे, अशी दोन प्रमाणपत्रे ठेवली. परीक्षेला बसण्यासाठी शिक्षणाबरोबर अनुभवाचीही अट घातली आणि मिळालेले प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नव्याने सिद्ध करणे आवश्यक केले. अशा परीक्षांचा अभ्यासक्रम ठरवताना या क्षेत्रात काम करणारे लोक रोज नेमके काय करतात याची पाहणी केली जाते, म्हणून त्यात कायद्याच्या कलमांइतकेच वजन नियोजनाला, बाजाराच्या अभ्यासाला आणि कराराच्या देखरेखीला मिळते. युरोपीय आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये आणलेल्या ‘प्रोक्युअरकॉम्प-ईयू’ या आराखड्यात 30 क्षमता सांगितल्या असून, त्यांपैकी 19 खरेदीशी थेट निगडित आहेत, तर उरलेल्या 11 चिकित्सक विचार, संवाद, नीतिमत्ता, जोखमीचे व्यवस्थापन अशा स्वरूपाच्या आहेत.

या सर्व क्षमतांमध्ये सर्वांत मोलाची, आणि आपल्या कार्यालयांत सर्वांत दुर्लक्षित, क्षमता निविदा निघण्याच्या आधीची आहे. गरज ओळखणे आणि तिचे तांत्रिक विनिर्देश लिहिणे, म्हणजे वस्तू कशी असावी हे मोजता येईल अशा शब्दांत मांडणे, येथेच खरेदीचे बरेचसे भवितव्य ठरते. एखाद्या रुग्णालयाला रुग्णाची नाडी व रक्तदाब दाखवणारा मॉनिटर हवा असेल आणि विनिर्देशात ‘पडदा 15.6 इंचांचाच असावा’ असे लिहिले, तर तो आकार बनवणारी एकच कंपनी उरू शकते. त्याऐवजी ‘किमान 15 इंच’ असे लिहिले, तर रुग्णाची गरज भागते आणि स्पर्धाही टिकते. परीक्षेत असा मजकूर देऊन त्यातील दोष शोधायला सांगता येतो, आणि ज्याने केवळ नियम पाठ केले आहेत तो नेमका येथेच अडखळतो.

दुसरी कसोटी किमतीच्या आकलनाची आहे. न्यूनतम दराला काम देणे हा आपल्या कार्यालयांचा अंगवळणी पडलेला रिवाज आहे, परंतु वस्तूच्या संपूर्ण वापरकाळात होणारा एकूण खर्च, ज्याला आयुर्मान खर्च म्हणतात, तो वेगळेच चित्र दाखवू शकतो. समजा, एक प्रिंटर 15,000 रुपयांना मिळतो व त्याच्या शाईचा खर्च पानामागे 3 रुपये येतो, तर दुसरा 25,000 रुपयांना मिळतो व त्याला पानामागे 1 रुपया लागतो. वर्षाला 10,000 पाने छापणाऱ्या कार्यालयात तीन वर्षांनंतर पहिल्याचा खर्च 1,05,000 रुपये आणि दुसऱ्याचा 55,000 रुपये होतो. मात्र हा हिशेब मूल्यमापनात धरायचा असेल, तर तशी पद्धत निविदेत आधीच जाहीर करावी लागते. लिफाफे उघडल्यानंतर निकष बदलणे हा पुरवठादारांवर अन्याय आहे, मग हेतू कितीही चांगला असो. हे दोन्ही एकाच वेळी ध्यानात ठेवणे म्हणजे खरेदीदाराची पात्रता.

वाटाघाटींच्या बाबतीत देशोदेशीच्या पद्धती भिन्न आहेत. अमेरिकेत प्रस्ताव मागवून केलेल्या खरेदीत वाटाघाटी हे स्वीकृत साधन आहे, तर भारतात निविदा उघडल्यानंतरच्या वाटाघाटींना सामान्य वित्तीय नियमांनी अपवाद म्हणून, आणि तेही केवळ न्यूनतम पात्र निविदाकाराशीच, वाव ठेवला आहे. त्यामुळे परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा आपल्याकडे चालणार नाही.

कार्यादेश दिल्यानंतरचे काम, म्हणजे करार व्यवस्थापन, हीसुद्धा या परीक्षांतील मोठी शाखा आहे. माल वेळेवर आला का, तपासणीत उतरला का, विलंबासाठी दंड लावावा की मुदतवाढ द्यावी, सुरक्षा अनामत कधी परत करावी, या निर्णयांत खरेदीतून मिळवलेला सारा फायदा टिकतो किंवा वाहून जातो. त्याला जोडूनच नीतिमत्तेचे प्रश्न येतात: मूल्यमापन समितीतील सदस्याचा नातेवाईक निविदाकार कंपनीत भागीदार असेल, तर ते लेखी कळवून समितीतून बाजूला होणे हे योग्य उत्तर होय. अर्थात, योग्य उत्तर माहीत असणारा माणूस तसेच वागेल याची हमी कोणतीही परीक्षा देऊ शकत नाही. त्यामुळे देखरेख आणि शिक्षा यांची जागा प्रमाणपत्राला घेता येणार नाही.

भारतात फरीदाबादच्या अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणी खरेदीचे प्रशिक्षण मिळते. परंतु महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्यांविषयीच्या कायद्यानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असतो, त्यामुळे खरेदीचे टेबल सांभाळणारा अधिकारी कामात मुरेपर्यंत त्याच्या बदलीची वेळ येते आणि नवा अधिकारी मागच्या फायली पाहून तोच मजकूर पुढे चालवतो. म्हणून परीक्षा ऐच्छिक ठेवून भागणार नाही. ठरावीक रकमेच्या वरची निविदा काढणाऱ्या पदासाठी अशी पात्रता बंधनकारक करावी, आणि तिचा अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध कराव्यात.