आकाशवाटा (भाग 7) : जाताना सोळा, येताना चौदा

बडोद्याच्या सयाजीगंजात तिकिटं काढायला येणाऱ्या आईवडिलांना किलोमीटरशी देणंघेणं नसतं. मुलगा न्यू जर्सीत असतो, पाय सुजतात, म्हणून ते तास विचारतात. मुंबईहून तिथल्या न्यूअर्कला जाताना सोळा तास आणि येताना चौदा-साडेचौदा, हे ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला : वाट तीच, मग वेळ वेगळी का?

आधी वाट पाहू. भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूअर्क पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी पश्चिमेला जाते. ही वाट भरते सुमारे 14,200 किलोमीटर. आता घरातला पृथ्वीगोल घ्या, बडोद्यावर दोऱ्याचं टोक दाबून धरा आणि दुसरं न्यूअर्कपाशी ताणा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो : पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचा दक्षिण भाग आणि मग लॅब्राडोर. वाटेत तो आर्क्टिक वृत्ताला जवळजवळ टेकतो. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच. मुंबईहून ती साधारण 12,550 किलोमीटर भरते, बडोद्याहून 12,240.

म्हणजे हरणी विमानतळावरून मुंबई गाठणारा बडोदेकर आधी साडेतीनशे किलोमीटर उलट्या दिशेला जातो! अहमदाबाद निदान वाटेच्या बाजूला आहे. वयस्कर माणसांसाठी तिकीट पाहताना हे जरूर लक्षात घ्यावं.

आता वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान झोत वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. विमानाचा हवेतला वेग ताशी 900 किलोमीटर धरा. वाटभर सरासरी 50 किलोमीटरचा वारा समोरून आला, तर 12,550 किलोमीटरना पावणेपंधरा तास लागतात. पाठीशी असला तर सव्वातेरा. दीड तासाचा फरक इथेच पडला. वळसे, चढउतार आणि धावपट्टीवरची रांग यांचा वेळ त्यात मिळवायचा.

वाऱ्याचं बळ ऑक्टोबर 2016 मध्ये ठळक दिसलं. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे 13,900 वरून 15,300 किलोमीटरवर गेलं, तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. पाठीशी वारा होता! मला या साऱ्या विषयातलं हे सर्वांत देखणं उदाहरण वाटतं.

पण वारा अनुकूल असूनही वाट मोकळी असतेच असं नाही. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला गेले ते बोटीने, आणि बोटीला जमीन आडवी येते. विमानाला देशांच्या हद्दी आडव्या येतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दोऱ्याने दाखवलेली वाट सुरुवातीलाच अडली. दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. त्यामुळे तिकीट काढताना गेल्या वर्षीचे तास धरून चालू नका. त्या आठवड्यात तेच विमान प्रत्यक्षात किती वेळ घेतंय ते एजंटाला विचारा.

पुढच्या भागात : इंधन किती भरायचं, हे कोण आणि कसं ठरवतं.