बैलावरून येणारी वही

सुगी सरत आली की कोल्हापूरकडच्या खेड्यांत एक माणूस बैल घेऊन येतो. सोप्यात त्याला बसायला घोंगडं अंथरतात. तो वही उघडतो आणि घरच्या कर्त्या माणसाच्या बापाचं नाव घेतो. मग आज्याचं, पणज्याचं, खापरपणज्याचं. इथवर घरातली म्हातारी माणसं माना डोलावत असतात. त्याच्यापुढची नावं घरात कुणालाच ठाऊक नसतात, पण त्याची वही पुढं चालूच राहते. मूळ पुरुष कुठल्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, कुणाचा वंश गावात राहिला, कुणाचा खुंटला, कोण दत्तक गेला, हे तो एका लयीत म्हणत जातो. हा हेळवी.

कन्नडात हेळव म्हणजे पांगळा, आणि हेळु म्हणजे सांग. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी एका पांगळ्याला बैल दिला आणि तेव्हापासून त्याचे वंशज लोकांची कुळं सांगत फिरू लागले, अशी आख्यायिका आहे. म्हणून हेळवी पाय झाकून, बैलावर बसून गावात शिरायचा. त्याच्या घरची बोली कन्नड, पण कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या मराठी घरांची कुळं तो मराठीत सांगतो. कुणी कुठली गावं आणि कुठली घरं सांगायची हे ठरलेलं असतं, आणि बापाची गावं मुलाकडं जातात. पूर्वी ताम्रपट आणि ताडपत्रं होती, नंतर वह्या आल्या. गेल्या खेपेनंतर घरात जन्मलेल्या मुलांची नावं तो वहीत चढवतो, धान्य-पैसे घेतो, एखादं सधन घर जनावरही देतं, आणि पुढच्या दाराला जातो.

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याला आपला इतिहास शोधायचा असेल तर वाट सरळ आहे. राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहावीत. तेव्हापासून गावाला एक चर्च, चर्चला एक वही. आपल्याकडं असा हुकूम कुणी काढला नव्हता. तरी नोंद झाली, आणि ती ठेवणारा माणूस धान्याच्या मोबदल्यात शेकडो वर्षं आपल्या दाराशी येत राहिला. मला याचं नवल आजही ओसरत नाही.

समजा, हेळव्यानं बारा पिढ्या सांगितल्या. जरा हिशेब करू. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर बारा पिढ्या म्हणजे तीनशे वर्षं. म्हणजे बाराव्या पिढीतला आपला पूर्वज, ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली त्या सुमाराचा. पण त्या पिढीत आपला एकच पूर्वज नव्हता. आईबाप दोन, आजे-आज्या चार, असं दुप्पट करत गेलं तर बाराव्या पिढीला ४०९६ जागा होतात. वंशावळीत त्यातल्या एकाच जागेवर नाव आहे. आणि पूर्वी सोयरीक बैलगाडीच्या टप्प्यातल्या पाच-पंचवीस गावांतच व्हायची, त्यामुळं त्या ४०९६ जागांवर तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा बसलेली असणार. भोगावतीच्या किंवा दूधगंगेच्या काठच्या दोन गावांमधले दोन अनोळखी लोक बऱ्याचदा एकमेकांचे दूरचे नातलग असतात ते यामुळं.

आता गावच्या देवळामागं चला. पिंपळाखाली कलते उभे केलेले, तेल-शेंदराने काळवंडलेले दगड दिसतात. ते वीरगळ. हा दगड खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा गुरं पळवणाऱ्यांशी झालेली. मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा स्वर्गात नेत आहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर कीर्तीची साक्ष द्यायला चंद्र-सूर्य. शेजारी कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. कर्नाटकात वीरगळांवर लेख पुष्कळ सापडतात. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. म्हणजे दगडाला प्रसंग माहीत आहे, माणसाचं नाव माहीत नाही. हेळव्याच्या वहीत नाव आहे, प्रसंग क्वचित. एकाच गावात दोघं समोरासमोर असतात आणि तरी त्यांची गाठ पडत नाही.

अक्षरं कोरलेली असली तरी हीच गत होते. कागलजवळच्या बामणी गावात शिलाहार राजा विजयादित्याचा शके १०७३ चा, म्हणजे पावणेनऊशे वर्षांपूर्वीचा, लेख आहे. जैन मंदिराला मडलूर नावाच्या गावातलं एक शेत, तीस स्तंभ मापाची फुलबाग आणि बारा हात मापाचं घर दिल्याचं त्यात लिहिलं आहे. घराचं माप दगडावर टिकलं. त्या बागेतली फुलं रोज कोण तोडत होतं, हे लिहून ठेवायची गरज राजाला वाटली नाही.

प्रत्येक नोंद ज्या कामासाठी झाली तेवढंच लक्षात ठेवते, हे एकदा ध्यानात आलं की जुनी कागदपत्रं बोलू लागतात. वतनाचे कागद भांडणातून जन्मले. पाटीलकी कुणाची यावर तंटा झाला की गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, आणि निवाड्याच्या महजरावर पाटील नांगराची निशाणी करायचा, शेट्या तागडीची. अशा एका भांडणात चार-पाच पिढ्यांची नावं, बांध, विहिरी, सगळं ओघानं येतं. आज गावात निम्मी घरं ‘पाटील’ असतात, कारण हुद्द्याचंच आडनाव झालं. त्याखालचं मूळ कूळ कोणतं, ते असल्या कागदातून किंवा लग्नातल्या देवकावरून ओळखावं लागतं. १९१८ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानातली कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले, आणि वंशपरंपरेने चालणारी गावची लेखणी सरकारी झाली. जन्ममृत्यूचं जुनं कोतवाल बुकही सरकारच्या कामाचं, म्हणून त्यात बाळाच्या नावापेक्षा बापाचं नाव आणि जात ठळक असते. यातलं बरंचसं मोडी लिपीत आहे, आणि ते वाचू शकणारी माणसं मोजकी.

मग बायका कुठं गेल्या? वंशावळीत प्रामुख्यानं पुरुष, महजरात पुरुष, वीरगळावर पुरुष. याचं उत्तर मला अनपेक्षित जागी मिळालं. श्राद्धाच्या विधीत आई, आजी, पणजी यांची नावं उच्चारावी लागतात. त्यामुळं नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांबरोबर घरातल्या बायकांची नावंही उतरली. आणि जात्यावरच्या ओव्यांत तर माहेर, भाऊ, मामा, सासरचं गाव हेच सगळं भरलेलं असतं. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गावचा तो दुसरा इतिहास आहे, आणि तो दळता दळता पहाटेच्या अंधारात रचला गेला.

पुढच्या सुगीला हेळवी तुमच्या दाराशी आला तर धान्य देण्याआधी त्याला एक विनंती करा. या घरातल्या लेकी-सुनांची नावंही वहीत घाल म्हणावं. तो लिहून घेईल. मात्र त्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा, आणि तिच्या आईचं नाव, तिच्या आजीचं नाव आणि दोघींची माहेरची गावं विचारून ठेवा.