देवडीची दुरुस्ती आणि तेरावा विनियम

आपण ज्याला वाडा म्हणतो त्याला हैदराबादेत देवडी म्हणतात. उंच दरवाजा, आत चौक, चौकाभोवती कमानींची दालने, मर्दाना आणि जनाना वेगळे, भिंतींना चुन्याचा गिलावा आणि त्यातच काढलेली वेलबुट्टी. निजामाची दफ्तरदारी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या राय रायां या मराठी घराण्याची देवडी शाहअलीबंड्यात होती. तिच्या आवारातला घड्याळाचा मनोरा आजही उभा आहे. अशा घरात फेरफार करायचा तर परवानगी कुणाची घ्यायची, याचे उत्तर शहराने डिसेंबर 1995 मध्ये दिले. हैदराबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे हुडाच्या, 1981च्या झोनिंग नियमावलीत तेरावा विनियम आला. मुंबईने त्याच वर्षी वारसा-नियम केले होते आणि हैदराबादच्या मसुद्यावर त्यांची छाप स्पष्ट आहे. पुढे डिसेंबर 2015 मध्ये तेलंगणा सरकारने हा विनियम रद्द केला. ती वीस वर्षे आणि त्यानंतरचे दशक एकत्र पाहिले, की माझ्या मते एक चूक सारखी समोर येते. परवानगीचे काम पाडकाम अडवण्याचे, एवढेच सगळ्यांनी धरून ठेवले. दुरुस्ती सोपी करणे हेही तिचेच काम आहे, असे कुणी मानले नाही.

विनियमाचा हेतू चांगला होता आणि त्याचा आवाकाही मोठा होता. मार्च 1998 मध्ये 137 वास्तूंची यादी निघाली. दख्खनचे नैसर्गिक खडकही संरक्षणाखाली घेतले गेले, आणि ती दृष्टी मला आजही मोलाची वाटते. यादीतल्या वास्तूत काहीही करायचे तर हुडाच्या उपाध्यक्षांची लेखी परवानगी लागे आणि त्यांनी वारसा जतन समितीचा सल्ला घ्यायचा असे. अडचण या ‘काहीही’मध्ये होती. नियमाच्या एकाच वाक्यात पाडकाम, वाढीव बांधकाम, दुरुस्ती, गिलावा आणि रंगकाम अशी सगळी कामे एका रांगेत बसवली होती. चुन्याच्या घराची प्रकृती ज्याला माहीत आहे त्याला यातला धोका लगेच कळेल. चुन्याचे घर वर्षावर्षाला हात फिरवून टिकते. पावसाळ्याआधी गच्चीच्या भेगा बुजवायच्या, कठड्यात रुजलेला पिंपळ कोवळा असतानाच उपटायचा, सुटलेला गिलावा चुन्यानेच भरायचा. तिथे सिमेंट थापले तर ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. एवढ्याशा कामालाही अर्ज, नकाशे आणि समितीची बैठक लागणार असेल, तर मालक दोनपैकी एक करतो: गुपचूप सिमेंट मारतो किंवा काम पुढे ढकलतो. ढकलत ढकलत तुळई वाकते, मग महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना नोटिसा काढते तेव्हा या घरालाही ती लागते, आणि जे घर पाडायला परवानगी मिळाली नसती ते सुरक्षिततेच्या कारणाने कायदेशीरपणे पडते. मुंबईत 2012 मध्ये वारसा-यादीच्या नव्या प्रस्तावात शिवाजी पार्कचा परिसर आला, तेव्हा रहिवाशांनी कडाडून विरोध केला. त्यामागे जुन्या घरांबद्दल अनास्था होती असे मला वाटत नाही. आपल्याच घराच्या कामासाठी किती दारे ठोठवावी लागतील, याची ती धास्ती होती.

मग विनियम रद्द झाला ते योग्यच झाले, असे कुणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही, कारण त्याने जे वाचवले ते थोडे नाही. 1908च्या मुसीच्या महापुरानंतर नदीकाठी उभे राहिलेले, व्हिन्सेंट एश यांनी आखलेले उस्मानिया रुग्णालय पाडण्याचा विचार 2015च्या जुलैमध्ये सरकारने जाहीर केला. लोकांनी विरोध केला, त्यांच्या हातात यादी होती आणि विनियमाचे कलमही होते. त्याच वर्षाच्या शेवटी विनियमच गेला. 2017 मध्ये तेलंगणाचा नवा वारसा कायदा आला, पण जुनी यादी त्यात आपोआप उतरली की नाही, हा वाद उरला. जून 2019 मध्ये मंत्रिमंडळाने नवाब फख्र-उल-मुल्क यांच्या इर्रम मंझिलच्या जागी नवे विधानभवन बांधायचे ठरवले. विनियम राहिला नाही म्हणून इमारतीला संरक्षणही राहिले नाही, अशी सरकारची बाजू होती. 16 सप्टेंबर 2019 रोजी तेलंगणा उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. उस्मानियासाठी पुढे गोशामहालची जागा निघाली आणि 2025च्या जानेवारीत तिथे पायाभरणी झाली. दोन्ही जुन्या इमारती वाचल्या. पण या दोन्ही सरकारी आहेत, मोठ्या आहेत, त्यांच्यासाठी न्यायालयात जाणारे लोक होते. गल्लीतल्या देवडीसाठी जनहित याचिका कोण करणार? तिला रोजच्या व्यवहारात चालणारा नियमच लागतो.

चारमिनार आणि गोवळकोंडा यांच्याभोवती केंद्राचा वेगळा नियम आहे. राष्ट्रीय स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित, ही आखणी 1992ची; स्मारकांच्या केंद्रीय कायद्यातल्या 2010च्या दुरुस्तीने तिला कायद्याचे बळ दिले आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नेमले. 100 मीटरच्या आत नवे बांधकाम नाही. 16 जून 1992पूर्वीच्या घराला दुरुस्तीसाठी मात्र अर्ज करता येतो. अर्ज 15 दिवसांत प्राधिकरणाकडे जावा, त्याने 2 महिन्यांत मत द्यावे आणि पुढच्या महिन्यात निकाल लागावा, असे कायदा सांगतो. मुदत लिहून ठेवली ही या कायद्याची जमेची बाजू. त्याचा दोष असा की तो घराकडे पाहतच नाही, स्मारकापासूनचे अंतर मोजतो. चारमिनारजवळच्या कालपरवाच्या काँक्रीटच्या घराला जो जाच होतो, तो तिथून दोन किलोमीटरवरच्या शंभर वर्षांच्या देवडीला होत नाही, आणि जपणूकही तिच्या वाट्याला येत नाही.

सगळ्यात खरा आक्षेप मालकांचा आहे. शहराच्या आठवणींचा खर्च एका कुटुंबाने का उचलावा? पाच वारस, एक चौक, आणि शेजारी पाच मजली इमारत, अशा घरात जतनाची भाषा कोरडी वाटते. माझे उत्तर असे, की शहराने त्यांना सक्ती करण्याआधी मोबदला द्यावा. न वापरलेले बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकता येण्याची, म्हणजे टीडीआरची, वाट आपल्या शहरांच्या ओळखीची आहे. मालमत्ता करात सूट देता येईल, चुन्याचे काम जाणणारे गवंडी आणि अभियंते महापालिकेच्या यादीवर ठेवता येतील. पैसा आणि सल्ला न देता नुसती बंदी घातली, तर मालक घर पडायची वाट पाहील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

हे तेलंगणाला जमणार नाही असेही नाही. 2020च्या टीएस-बीपास कायद्याने 75 चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावरच्या लहान नव्या घराला एक रुपयात ऑनलाइन नोंदणी दिली आणि मोठ्या बांधकामाच्या परवानगीला 21 दिवसांची मुदत घातली. नवे बांधणाऱ्यावर राज्याने एवढा विश्वास टाकला. तेवढाच विश्वास जुने सांभाळणाऱ्यावरही टाकावा: यादी पुन्हा अधिसूचित करावी, रंग, गिलावा आणि गच्चीची दुरुस्ती चुन्यात होणार असेल तर तिला नुसत्या नोंदणीवर मोकळीक द्यावी, आणि समितीने आपला वेळ पाडकाम व वाढीव मजले यांच्यासाठी राखावा. हे पुढच्या पावसाळ्याआधी व्हावे.