पाळणाघर आणि औषधाचा चमचा

खोकल्याच्या औषधांचा परामर्श या आठवड्यात घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु तापावरील माझा आधीचा लेख वाचून डोंबिवलीच्या एका पाळणाघर चालविणाऱ्या बाईंनी जे पत्र धाडले आहे, त्यातील प्रश्न इतका निकडीचा आहे की खोकल्यास एक आठवडा तिष्ठत ठेवणे मला भाग आहे. त्या लिहितात, "लोकल गाठायच्या घाईत आई दारातच बाटली हातात देते, 'ताप वाटला तर एक चमचा द्या, काकू' म्हणते आणि जिना उतरते. तो चमचा कोणता धरायचा?"

पॅरासिटामॉल हे एकच औषध आपल्याकडे मुलांसाठी निरनिराळ्या तीव्रतांत मिळते. साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरांत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, मोठ्या मुलांच्या सिरपच्या तेवढ्याच मापात २५०, आणि तान्ह्यांसाठी म्हणून जी चिमुकली थेंबांची बाटली येते, तिच्या एकेका मिलिलिटरात १००. म्हणजे दिसावयास सर्वांत निरुपद्रवी तीच सर्वांत जहाल. दहा किलो वजनाच्या मुलास, दर किलोस १५ मिलिग्रॅम या हिशेबाने, एका वेळी १५० मिलिग्रॅम, अर्थात त्या थेंबांचे दीड मिलिलिटर पुरते. त्याच बाटलीतून पाच मिलिलिटरांचा चमचा भरला तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात, आणि अशा अतिमात्रा होत राहिल्या तर यकृतास जी इजा पोहोचते, ती पहिल्या दिवशी बहुधा दृष्टीसही पडत नाही. त्यातून घरातला चमचा! चहाचा, साखरेच्या डब्यातला, लोणच्याच्या बरणीतला, प्रत्येकाचे माप वेगळे.

आमच्या आज्या गुटी उगाळताना सहाणेवर वेढे मोजीत. गुटीच्या गुणदोषांत आज शिरत नाही, आणि हाताच्या जोराप्रमाणे वेढ्यांतही फरक पडे. तरी हरड्याचे इतके, जायफळाचे इतके, हा आकडा सुनेस वा शेजारणीस सांगता येत असे, आणि मूल दुसऱ्याच्या हाती सोपविताना आकडाच सोबत जावा लागतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की पाळणाघराने तोंडी हुकमावर औषध देऊच नये, मग आई रागावली तरी बेहत्तर. मूळ लेबलाची बाटली, तिच्यासोबत आलेले माप किंवा मिलिलिटरच्या रेघांची सिरिंज आणि एक चिठ्ठी, एवढा ऐवज घेतल्यावाचून मूल आत घेऊ नये. चिठ्ठीत मुलाचे वजन, औषधाचे नाव व तीव्रता, मिलिलिटरांत मात्रा आणि सही हा मजकूर असावाच. परंतु सर्वांत मोलाची आणि नेमकी विसरली जाणारी बाब म्हणजे घरी शेवटचे औषध किती वाजता दिले, ही होय. सकाळी साडेसातास आईने दिलेले असताना नऊ वाजता काकूंनी पुन्हा दिले, तर दोघींचीही कृती आपापल्या जागी रास्त, आणि मुलाच्या पोटात मात्र दीड तासात दोन मात्रा. वास्तविक दोहोंत निदान चार ते सहा तासांचे अंतर हवे. संध्याकाळी हीच चिठ्ठी काकूंनी वेळ टिपून परत करावी, म्हणजे रात्रीचा हिशेब चुकत नाही.

दुधाच्या बाटलीत औषध मिसळावे काय, असेही बाईंनी विचारले आहे. मिसळू नये. अर्धे दूध टाकून मूल झोपी गेले, तर औषध किती गेले हे कोणासच सांगता येत नाही, आणि पुन्हा द्यावे तर जास्त, न द्यावे तर उणे, असा पेच पडतो. मुलास मांडीवर उठवून बसवावे, सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूस थोडेथोडे सोडावे, आणि दूध त्यानंतर द्यावे.