व्होल्टेज कमी असलं की गिझर इतका का रेंगाळतो?

गिझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॉट असं छापलेलं असतं. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणून करंट २००० ÷ २३०, साधारण ८.७ अँपिअर. (६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटात तो लावायचा नाही, तो याचसाठी!) व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो: सुमारे २६.४ ओहम.

खरी गंमत पुढे आहे. व्होल्टेज १८० वर घसरलं तरी कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो. करंट उरतो ६.८ अँपिअर आणि शक्ती जेमतेम १२२५ वॉट. व्होल्टेज २२ टक्क्यांनी कमी, पण उष्णता तब्बल ३९ टक्क्यांनी! व्होल्टेजबरोबर करंटही पडतो ना, म्हणून दुहेरी फटका.

पंखा-मोटरला हा सरळ गुणाकार चालत नाही, तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो.

आणि १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब? पेटलेला असताना रोध ५२९ ओहम. होल्डरमधून काढून थंड बल्बला मल्टिमीटर लावा, चाळिशीच्या आसपास दाखवेल. टंगस्टन तापलं की रोध दहापटीहून जास्त वाढतो. थंड तारेतून सुरुवातीला करंटचा लोंढा जातो, म्हणूनच हे बल्ब बहुधा बटण दाबताक्षणीच उडायचे.