दिवसा झोपणाऱ्यांसाठी काळोखाचा पडदा

भिवंडी-मालेगावात यंत्रमाग रात्रीही चालतात. रातपाळीचा कारागीर झोपतो तो भर उन्हात. उजेडात मेलाटोनिन हे झोप आणणारे द्रव्य शरीरात कमी बनते आणि झोप तुटते. नुसत्या जाड कापडाने भागत नाही. चांगल्या ‘ब्लॅकआउट’ कापडाच्या पाठीवर तीन लेप असतात: पांढरा, काळा, पुन्हा पांढरा. उजेड अडतो तो मधल्या काळ्या लेपाने.

पडदे शिवणाऱ्या बांधवांनी एक ध्यानात ठेवावे. या कापडावर सुईचे छिद्र बुजत नाही. उसवून पुन्हा शिवले की झाली चाळणी! म्हणून माप आधी, कात्री नंतर. रुंदी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी चार-चार इंच जादा घ्यावी. आम्ही पाहिलेल्या पडद्यांतून उजेड शिरतो तो बहुधा कडेनेच. मागांचा खडखडाट मात्र या पडद्याने थांबत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.